सर्च इंजिनात मामंजींचं नाव

आमचा एक यजमान दुसऱ्या घाटावर गेला, तिथून हे सगळं सुरू झालं.

माझे सासरे काशीतले उपाध्याय. महाराष्ट्रातून श्राद्ध, अस्थिविसर्जन, गंगापूजन करायला येणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरी उतरतात. त्यातलं एक घर आमचं, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. घरच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामंजी म्हणत असे. सकाळी यजमानांची कर्मं, दुपारी विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवणं आणि संध्याकाळी ओट्यावर बसून जगाला शिकवणं, असा त्यांचा दिवस. जगाला शिकवायचा तास सगळ्यात लांब चाले.

साताऱ्याकडच्या एका घराण्याच्या पाच पिढ्या आमच्याकडे उतरल्या होत्या. सहाव्या पिढीतला मुलगा अमेरिकेत इंजिनिअर. वडिलांच्या अस्थी घेऊन तो काशीला आला, चार दिवस राहिला, सगळं यथासांग करून परत गेला. पण राहिला आणि केलं ते दुसऱ्या घाटावरच्या गुरुजींकडे. मामंजींनी त्याला खरमरीत पत्र लिहिलं. त्याचं उत्तर अगदी नम्र आलं: मी इंटरनेटवर शोधलं, त्यांचं नाव सापडलं, तुमचं सापडलं नाही, क्षमस्व.

मामंजींनी ते पत्र तीनदा वाचलं.

“सापडलं नाही म्हणजे काय? मी काय हरवलोय?”

हा प्रश्न त्यांनी घरात प्रत्येकाला विचारला. माझा नवरा बँकेत होता. तो म्हणाला, “बाबा, आजकाल असंच आहे.” लग्न झाल्यापासून प्रत्येक विषयावर त्याचं हेच मत मी ऐकत होते. सासूबाई पोळ्या लाटत राहिल्या. चाळीस वर्षं श्राद्धाचा स्वयंपाक करून त्या अशा प्रश्नांच्या पलीकडे गेल्या होत्या. शेवटी प्रश्न माझ्यापाशी येऊन थांबला.

मी लग्न होऊन अकोल्याहून काशीला आले तेव्हा माझ्याकडे कॉम्प्युटरचा एक वर्षाचा डिप्लोमा होता आणि शहरातल्या सिगरा भागातल्या एका क्लासमध्ये मी शिकवायला जात असे. घरात ही नोकरी ‘सूनबाई टायपिंगला जाते’ या नावाने ओळखली जाई. त्या संध्याकाळी मात्र मामंजींनी ओट्यावर जाहीर केलं, “आमची सून कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. आठवड्याभरात आमची वेबसाइट येते आहे.” एका संध्याकाळी एवढी बढती मला पुढे कुठेही मिळाली नाही.

आठवड्याचे दोन महिने झाले, कारण मजकूर मामंजी लिहीत होते. बेचाळीस पानं, बोरूसारख्या जाड निबेने, सुरेख देवनागरीत. घराण्याचा मूळ पुरुष कोकणातून निघाला तिथून सुरुवात. अकराव्या पानावर तो जेमतेम नर्मदेला पोचला होता.

मी भीत भीत विचारलं, “मामंजी, आपला फोन नंबर कुठे घालायचा?”

“शेवटी. ज्याला खरी गरज आहे तो शेवटपर्यंत वाचेल.”

“थोडं इंग्रजीत घालू या का? बाहेरचे लोक...”

“माझ्या पूर्वजांची कथा मी इंग्रजीत सांगू?”

तेव्हा इंटरनेटवर देवनागरी उमटवणं हा एक छळ होता. आपल्याकडे जो फॉन्ट, तोच समोरच्याकडे नसला की मजकुराच्या जागी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसत. त्यामुळे मार्ग एकच उरला. गोदौलिया चौकातल्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे स्कॅनर होता, तिथे बेचाळीस पानांचे फोटो काढून घेतले आणि तीच चित्रं एकापाठोपाठ एक वेबसाइटवर चढवायची ठरवली. सगळ्यात वर मामंजींचा पगडीतला फोटो.

आमच्या भागात तेव्हा एकच सायबर कॅफे होता. मालक पन्नाशीचे, पूर्वी बनारसी साड्यांचे अडते होते. साडीचा धंदा बसला म्हणून तीन कॉम्प्युटर आणून त्याच गादीशेजारी मांडले होते. गिऱ्हाईक आलं की अजूनही सवयीने म्हणत, “आइए, क्या दिखाऊँ?” फुकट जागा देणाऱ्या एका परदेशी सर्व्हरवर मी आमची वेबसाइट चढवली आणि मामंजींना दाखवायला घेऊन गेले. टेलिफोनच्या तारेतून चित्र यायचं म्हणजे वरून खाली, एकेक पट्टी. आधी पगडीचं टोक आलं. मग पगडी. मग बराच वेळ काहीच नाही.

मालक पडद्याकडे बघून धीर देत म्हणाले, “गुरुजी, आप उतर रहे हैं। माथे तक आ गए हैं।”

मामंजी भुवयांपर्यंत आले आणि लाइन तुटली. दुसऱ्यांदा नाकापर्यंत आले. तिसऱ्यांदा पूर्ण आले, तेव्हा कॅफेत बसलेल्या दोघांनी उठून त्यांना नमस्कार केला. मामंजी इतके प्रसन्न झाले की पुढची बेचाळीस पानं उतरली नाहीत हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

आता वेबसाइट होती. ती सापडायला हवी होती. त्यासाठी प्रत्येक सर्च इंजिनाकडे अर्ज भरावा लागे. पत्ता लिहा, कोणत्या वर्गात बसता ते सांगा आणि पंचवीस शब्दांत वर्णन करा.

“पंचवीस शब्दांत?” मामंजी म्हणाले. “माझ्या पदव्यासुद्धा मावत नाहीत.”

आणि वर्ग? ‘धर्म’ होता, ‘पर्यटन’ होता, ‘घरगुती सेवा’ होता. मी ‘पर्यटन’ सुचवलं तेव्हा मामंजींनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. ‘धर्म’ भरला.

मालकांकडे एक सीडी होती. ती लावली की म्हणे एका फटक्यात पाचशे सर्च इंजिनांत नाव लागतं. “भाभीजी, पाँच सौ! दुनिया में कोई बचेगा नहीं।” आम्ही तीही लावली. दुसऱ्या दिवसापासून मेलबॉक्समध्ये पत्रांचा पूर आला. मामंजी हरखले. मी उघडून पाहिली तर कुणी टक्कल घालवायचं औषध विकत होतं, कुणी कॅसिनोला बोलावत होतं. त्या पाचशेंपैकी सात-आठ सोडली तर बाकीच्यांची नावं त्यांच्या घरच्यांनीही ऐकली नसतील. ती सर्च इंजिनं नव्हतीच, मेलचे पत्ते गोळा करणारे लोक होते. घाटावर जसे लोक ‘दर्शन, दर्शन’ करत मागे लागतात तसेच. फरक एवढाच की घाटावरचे निदान छत्री तरी धरतात.

मग वाट पाहणं. रोज मी क्लासवरून घरी आले की चप्पल काढायच्या आत मामंजी विचारत, “लागलं का?”

“अजून नाही.”

“आज काय शोधलंस?”

“तुमचं नाव.”

“पूर्ण? पदव्यांसकट?”

“पदव्यांसकट.”

“मग पदव्यांशिवाय शोध,” ते म्हणाले. हा त्यांनी आयुष्यात केलेला सगळ्यात मोठा त्याग असावा.

तरीही नाही. महिना गेला, दीड महिना गेला. एव्हाना ओट्यावरच्या मंडळींना रस आला होता. एक शेजारी रोज विचारू लागले, “काय गुरुजी, आलं का तुमचं सर्च इंजिन? की रस्त्यात बिघडलं?” मामंजी आत येऊन राग माझ्यावर काढत. शेवटी क्लासमधल्या एका पुस्तकात मला कारण सापडलं, आणि ते इतकं सोपं होतं की माझीच मला लाज वाटली. सर्च इंजिन पानावरची अक्षरं वाचतं. आमच्या पानांवर अक्षरं नव्हतीच, अक्षरांचे फोटो होते. यंत्राच्या लेखी आमच्या घराण्याच्या सगळ्या पिढ्या कोऱ्या होत्या.

मी मामंजींना समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

“म्हणजे त्याला मोडी येत नाही असं म्हण ना.”

“मोडी नाही मामंजी, देवनागरी. आणि देवनागरीही नाही. चित्रातलं काहीच वाचता येत नाही.”

“म्हणजे निरक्षर आहे.”

“तसं म्हणा.”

“एका निरक्षराने मला नापास केलं,” मामंजी म्हणाले आणि उठून गंगेवर गेले.

दुसऱ्या दिवशी ते थोडे नरमले. बेचाळीस पानं तशीच राहतील, पण यंत्राच्या सोयीसाठी वर काही इंग्रजी शब्द घालायला हरकत नाही. पानाच्या पोटात, वाचणाऱ्याला दिसणार नाहीत पण यंत्राला दिसतील, असे शब्द घालता येत. ते कोणते, हे मामंजींनी सांगितलं: त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं. मी म्हटलं, “पण कुणी तुमच्या पणजोबांना शोधत नाहीये. लोक शोधतात काशी, अस्थी, पिंडदान...”

“लोक काय शोधतात ते लोकांना कधी कळलंय?”

इथे मालकांनी तोड काढली. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिला की नंबर वर चढतो. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिहायचा, म्हणजे कुणाला कळत नाही. “काशी लिखिए, भाभीजी। सौ बार लिखिए।”

“एकशे आठ वेळा,” मामंजी लगेच म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. नामस्मरणाने देव पावतो, मग यंत्र काय चीज आहे! मला ते पटत नव्हतं, हे आज सांगायला सोपं आहे. त्या दिवशी मी एकशे आठ वेळा ‘काशी’ टाइप केलं, मोजून. आणि मामंजींच्या सांगण्यावरून मधूनमधून त्या दुसऱ्या घाटावरच्या गुरुजींचं नावही पेरलं, म्हणजे त्यांना शोधणाराही आमच्याकडे यावा. ते करताना मामंजींनी डोळे मिटून घेतले होते. पाप दिसलं नाही तर लागत नाही, अशी काही सोय शास्त्रात असेल.

आणि जप फळला. पंधरवड्याने एका बऱ्यापैकी सर्च इंजिनात ‘काशी’ शोधलं की पहिल्याच पानावर, सातव्या नंबरला आम्ही दिसू लागलो. मामंजींनी गल्लीत पेढे वाटले. ओट्यावरच्या त्या शेजाऱ्यांना दोन दिले. आठ दिवस घरात सण होता. नवव्या दिवशी आम्ही सातव्यावर नव्हतो. दहाव्या दिवशी कुठेच नव्हतो. पांढऱ्यावर पांढरं लिहिण्याची युक्ती जगात फक्त आमच्या मालकांना माहीत नव्हती; सर्च इंजिन चालवणाऱ्यांनाही माहीत होती, आणि अशा पानांना ते सरसकट काढून टाकत. आता मामंजींचं नाव पदव्यांसकट घातलं तरी ते सापडेना.

“वाळीत टाकलं,” मामंजी म्हणाले. दोन वेळा जेवले नाहीत. सासूबाईंनी तिसऱ्या वेळेला ताट वाढलं आणि एवढंच म्हणाल्या, “पेढे जरा थांबून वाटले असते तर चाललं असतं.”

या सगळ्यात मी एक गोष्ट गुपचूप केली होती. गुपचूप म्हणजे लपवून नव्हे. इंग्रजी मजकूर वाचायचा नाही असं मामंजींचं व्रतच होतं. आमच्या पुढच्या खोलीत बसलेले यजमान मी रोज पाहत असे. आई किंवा वडील गेलेले, लांबचा प्रवास, हातात कलशाची पिशवी, आणि काय चाललंय ते काही कळत नाही. कुणी सांगेल तिथे बसतात, सांगेल तसं पाणी सोडतात आणि नदीवर कुणी आकडा सांगितला की मान डोलावतात. त्यांच्यासाठी मी इंग्रजीत एक साधं पान लिहून वेबसाइटला जोडलं. स्टेशनवरून इथपर्यंत कसं यायचं, रिक्षा कुठपर्यंत येते आणि कुठून चालावं लागतं. बरोबर काय आणायचं. कोणत्या विधीला किती वेळ लागतो. घाटावर उभ्या-उभ्या कुणाला शब्द देऊ नका. बायकांसाठी स्वच्छ बाथरूम आमच्याकडे कुठे आहे. आणि शेवटी एक ओळ: आमचे गुरुजी सांगतात की मुलगा नसेल तर मुलगीही हे सगळं करू शकते.

हे मामंजींनी खरंच सांगितलं होतं. ओट्यावर एका शास्त्रीबुवांशी वाद चालला होता, शास्त्रीबुवा ‘नाही’ म्हणत होते, म्हणून मामंजी ‘हो’ म्हणाले. वाद जिंकायला ते कोणत्याही बाजूला जात, आणि गेले की आधार घेऊन जात. त्या दिवशी त्यांनी तीन ग्रंथांचे आधार दिले. मी चहा ठेवता ठेवता ऐकलं होतं.

तेव्हा एक मोठी डिरेक्टरी होती. तिथे यंत्र नसून माणसं बसून वेबसाइट पाहत आणि पटली तर यादीत घेत. तिला आम्ही कधीच अर्ज केला होता, आणि उत्तर आलं नव्हतं. पेढे-प्रकरणानंतर महिन्याभराने मेल आला. त्या डिरेक्टरीतल्या कुणीतरी, ती बाई होती की पुरुष ते मला आजही ठाऊक नाही, आमची बेचाळीस पानं सोडून नेमकं ते एक पान यादीत घेतलं होतं. वर्ग: ‘पर्यटन’. वर्णन त्यांनीच लिहिलं होतं, आठ-दहा शब्दांचं. त्याचा अर्थ, काशीत अंत्यविधी करणाऱ्यांसाठी एका घरातल्या बाईने लिहिलेली प्रामाणिक माहिती.

मामंजींना मी ‘डिरेक्टरीत नाव लागलं’ एवढंच सांगितलं. ‘पर्यटन’ आणि ‘बाई’ हे दोन्ही शब्द गाळले.

आणि पत्रं येऊ लागली. टक्कलवाल्यांची नव्हेत, माणसांची. रोमन लिपीतलं तुटकं मराठी, इंग्रजी, एखादं हिंदी. बाथरूमबद्दल विचारणारी सगळ्यात जास्त. आमच्या मूळ पुरुषाबद्दल एकाने विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात कॅनडाहून एक बाई आली. चाळिशीची, एकटी, मूळची सोलापूरकडची. पुढच्या खोलीत बसली, मांडीवरची पिशवी तिने खाली ठेवली नाही. मामंजींनी विचारलं, “बरोबर कोण आहे?”

“कोणी नाही. मी एकटीच मुलगी. आईचं मीच करणार.”

“आपण बसा. मी आमच्यातल्या एखाद्या मुलाला प्रतिनिधी म्हणून...”

“तुमच्या वेबसाइटवर लिहिलंय मुलगी करू शकते. म्हणून तर तुमच्याकडे आले. आणखी तिघांना पत्रं लिहिली होती, ते नाही म्हणाले.” तिने घडी केलेला कागद पुढे केला. माझं पान, छापून आणलेलं, शेवटच्या ओळीखाली पेनने रेघ.

मामंजींनी कागद घेतला. इंग्रजी न वाचण्याचं व्रत त्यांनी त्या दिवशी मोडलं. वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते. आत जावं की बाहेर हे मला कळत नव्हतं.

“हे मी म्हटलं होतं?”

“हो. शास्त्रीबुवांना. तीन आधार दिले होते.”

“तीन नाही, चार,” मामंजी म्हणाले. एकदा आधारांची गोष्ट निघाली की त्यांना माघार घेणं जमत नसे. “चौथा तुला ऐकू आला नसेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर बसल्यावर प्रश्न आला गोत्राचा. “आईचं सांगितलंत. आता तुमचं? लग्न झालंय, म्हणजे नवऱ्याचं.”

“नवरा कॅनडियन आहे. त्याला गोत्र नाही.”

मामंजींनी क्षणभर नदीकडे पाहिलं. “काश्यप म्हणा. ज्याला माहीत नाही त्याचं काश्यप. त्याला घरी गेल्यावर सांगा.”

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मामंजींनी तिला रडू दिलं. एरवी यजमान रडू लागला की ते पुढचा मंत्र जोरात म्हणत. त्या दिवशी थांबले. तिच्या बोटातला दर्भ सैल झाला होता तो त्यांनी नीट करून दिला आणि प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगत सगळं केलं, घाई न करता. मी त्यांची कितीतरी कर्मं पाहिली होती. इतकं चांगलं केलेलं पाहिलं नव्हतं. हे कबूल करायला मला आजही थोडं जड जातं.

अर्थात संध्याकाळी ओट्यावर त्यांचं ऐकण्यासारखं होतं. “आमच्या घराण्यात हे पहिल्यापासून आहे. माझे पणजोबा याच मताचे होते.” पणजोबांना आता विचारायला कोण जाणार! लगेच बेचाळीस पानांत त्रेचाळिसाव्याची भर पडली, पणजोबांच्या पुरोगामी विचारांवर. तेही फोटो काढून चढवलं. यंत्राला तेही कोरंच.

दोन महिन्यांनी दुसऱ्या घाटावरच्या गुरुजींच्या वेबसाइटवर माझं पान जसंच्या तसं आलं. मी ‘बाथरूम’चं स्पेलिंग चुकवलं होतं, तेही त्यांनी भक्तिभावाने तसंच ठेवलं होतं. सर्च इंजिनात ते आमच्या वर चढले, कारण आम्ही अजून वाळीतच होतो. मामंजी संतापले. “चोरी! दुसऱ्याचं नाव घेऊन पोट भरणारे लोक!” पांढऱ्या अक्षरांत आम्ही कुणाचं नाव पेरलं होतं ते त्यांना मुळीच आठवत नव्हतं. डोळे मिटण्याचा फायदा खरंच झाला होता.

पत्रांची उत्तरं द्यायचं काम मामंजींनी स्वतःकडे घेतलं. म्हणजे ते येरझारा घालत सांगणार आणि मी लिहून घेऊन कॅफेत जाऊन पाठवणार. एका उत्तराला दीड पान लागे; कोकण, नर्मदा, पणजोबा, सगळे येत. मी कॅफेत बसून तीन ओळी टाइप करत असे: जरूर या. राहायला खोली आहे. मुलगी असलात तरी आमचे गुरुजी करतात, आणि चांगलं करतात.

घरी आले की मामंजी विचारत, “सगळं लिहिलंस ना?”

“हो मामंजी.”

“पणजोबा?”

“पणजोबाही.”

त्या वर्षी आमच्याकडे अकरा मुली आल्या. त्यांतल्या एकीनेही ती त्रेचाळीस पानं पाहिली नव्हती. मामंजींनी मात्र प्रत्येकीला ती जेवणानंतर वाचून दाखवली.